पाण्याखालची शिरगणती

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला टास्मानिया, आणि टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यालगत एक छोटे बेट. सतराव्या शतकात आबेल तास्मान या डच दर्यावर्दीने आपल्या गव्हर्नरच्या पत्नीचे, मारियाचे, नाव त्याला दिले. स्थानिक लोक मात्र त्याचा उच्चार ‘मराया’ असा करतात. या बेटाच्या आडोशाला, पाच मीटर खोल पाण्यात, एक पाणबुड्या ५० मीटरची मोजपट्टी खडकावर अंथरतो. हिवाळ्यात इथले पाणी अकरा-बारा अंशांवर येते, त्यामुळे जाड पोशाखातही बोटे बधिर होतात. पट्टी अंथरून झाली, की तो तिच्या कडेने संथपणे पोहू लागतो. हातात प्लॅस्टिकची पाटी, तिच्यावर पाण्यात न भिजणारा कागद आणि दोऱ्याने बांधलेली साधी पेन्सिल. पट्टीच्या बाजूच्या पाच मीटर रुंदीत जो मासा दिसेल, त्याची जात, त्याची लांबी आणि अशा माशांची संख्या तो लिहीत जातो. दुसऱ्या बाजूलाही तेच.

मग तो पुन्हा त्याच पट्टीवरून जातो. या वेळी फक्त एक मीटरची पट्टी पाहायची, पण अगदी खडकाला नाक लावून. कपारीत दडलेल्या शेवंडी, खडकाला चिकटलेले शंख, तारामासे, काटेरी अर्चिन, दगडाखाली लपणारे बोटभर मासे, असे सगळे मोजायचे. शेवटी ठरावीक अंतरावर तळाचे फोटो काढायचे, म्हणजे खडकाचा किती भाग शैवालाने झाकला आहे आणि किती उघडा पडला आहे, हे नंतर संगणकावर मोजता येते.

मराया बेटाभोवती ही मोजणी १९९२ पासून चालू आहे. त्याच जागा, तीच खोली, तीच पद्धत. राखीव क्षेत्राच्या आतही आणि बाहेरही. पाहायला गेले तर काम अतिशय कंटाळवाणे आहे. एका फेरीतून कुठलाच मोठा शोध लागत नाही. पण समुद्रातल्या संरक्षणाचा खरोखर उपयोग होतो का, या प्रश्नाचे जगातले काही सर्वांत भरवशाचे उत्तर याच कंटाळवाण्या पाट्यांवरून मिळाले आहे.

कातळावरचे जंगल

‘रीफ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रवाळ येतात, उष्ण पाणी आणि रंगीबेरंगी मासे येतात. इथे गोष्ट वेगळी आहे. समशीतोष्ण समुद्रातले रीफ म्हणजे पाण्याखालचा कातळ, आणि त्या कातळावर वाढलेले शैवालांचे जंगल. या जंगलातला सर्वांत उंच रहिवासी म्हणजे केल्प. दिसायला झाड, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते तपकिरी शैवाल. त्याला मुळे नसतात. मुळांसारख्या दिसणाऱ्या पकडीने ते खडकाला घट्ट धरून ठेवते आणि पानांतल्या हवेच्या फुग्यांच्या आधाराने पृष्ठभागाकडे उभे राहते. जायंट केल्प ही जात तीस मीटरपर्यंत उंच होते. अनुकूल स्थितीत दिवसाला अर्धा मीटरसुद्धा वाढते. खाली त्याच्या सावलीत छोटी शैवाले, स्पंज, गोगलगाई, खेकडे, मासे आणि समुद्री घोड्याचा नातेवाईक असलेला सी-ड्रॅगन राहतात.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर अशा कातळांची साखळी सुमारे आठ हजार किलोमीटर पसरली आहे. तिला ‘ग्रेट सदर्न रीफ’ म्हणतात. बहुसंख्य ऑस्ट्रेलियन माणसे या साखळीपासून तासाभराच्या अंतरावर राहतात, तरी त्यातल्या अनेकांना हे नाव अलीकडे-अलीकडेच कळले. उत्तरेकडच्या प्रवाळांनी सगळी प्रसिद्धी आणि संशोधनाचा बराच पैसा नेला. वास्तविक दक्षिणेतल्या या कातळांवरच्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. इथून एखादी जात गेली, तर ती जगातूनच गेली.

टास्मानिया सरकारने १९९१ मध्ये किनाऱ्यावरची चार ठिकाणे सागरी राखीव क्षेत्रे म्हणून जाहीर केली. त्यात मराया बेटाचा सुमारे सात किलोमीटरचा किनारा सर्वांत मोठा. बाकीची तीन त्या मानाने अगदी लहान. मासेमारी बंदीचा विषय निघाला, की कुठल्याही किनाऱ्यावर दोन गट पडतात. एक म्हणतो, समुद्राला जरा श्वास घेऊ द्या. दुसरा म्हणतो, आमच्या पोटावर पाय देऊन नक्की काय मिळणार, ते दाखवा. दुसऱ्या गटाचा प्रश्न रास्त असतो, आणि त्याचे उत्तर भावनेने देता येत नाही.

टास्मानिया विद्यापीठातले ग्रॅहॅम एडगर आणि नेव्हिल बॅरेट यांनी हे उत्तर शोधायचे ठरवले. राखीव क्षेत्र जाहीर झाल्यावर लगेचच, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या समुद्रात अजून फारसा फरक पडलेला नसताना, त्यांनी पहिली मोजणी केली. ही घाई महत्त्वाची ठरली. कारण दहा वर्षांनी जाऊन ‘आत जास्त मासे आहेत’ असे दाखवले, तर कुणीही म्हणेल की ती जागा मुळातच चांगली होती म्हणून राखीव केली. पहिल्या दिवसाचा आकडा हातात असला, की हा वाद उरत नाही. त्याचप्रमाणे बाहेरची जागा मोजणेही तितकेच गरजेचे. एखाद्या वर्षी सगळीकडेच मासे वाढले, तर त्याचे श्रेय बंदीला देता येत नाही. आणि सगळीकडेच घटले, तर दोषही बंदीच्या माथी मारता येत नाही.

पाच वर्षे आणि तेरा वर्षे

पहिल्या काही वर्षांतच मराया बेटाच्या आत शेवंडी वाढल्या आणि आकारानेही मोठ्या झाल्या. कोकणात मिळणाऱ्या शेवंडीच्याच कुळातली ही थंड पाण्यातली जात. नांग्या नसलेली, लांब मिशांची. जाळ्यात सहज अडकणारा बास्टर्ड ट्रंपेटर नावाचा मासाही आत झपाट्याने वाढला. मोठ्या माशांची संख्या चढली. उरलेल्या तीन लहान राखीव क्षेत्रांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. एवढ्याशा तुकड्यात वावरणारा मासा दिवसातून दोनदा सीमा ओलांडतो; त्याला बंदीचा काय उपयोग?

इथपर्यंत सगळे अपेक्षेप्रमाणे झाले. धक्का पुढे बसला. दहा वर्षांच्या आकड्यांत दिसले, की मराया बेटाच्या आत अ‍ॅबलोन घटले आहेत. अ‍ॅबलोन म्हणजे खडकाला चिकटून राहणारी, कानाच्या आकाराच्या शिंपल्याची मोठी गोगलगाय. टास्मानियात तिचा मोठा व्यवसाय आहे. निर्यात होणारा महागडा पदार्थ आहे. राखीव क्षेत्रात तिला कुणी हात लावत नव्हते. मग ती कमी का झाली? अर्चिनही कमी झाले होते. संशोधकांच्या मते सर्वांत पटणारे कारण असे, की शेवंडी आणि मोठे मासे वाढले, आणि त्यांनी आपले नेहमीचे खाणे खाल्ले. माणसाने हात काढून घेतला, की समुद्र ‘भरून’ जातो अशी एक भाबडी कल्पना असते. प्रत्यक्षात खाणारे परत येतात, म्हणजे खाल्ले जाणारे कमी होणारच. अ‍ॅबलोनचा व्यवसाय करणाऱ्याला ही बातमी आवडणार नाही, पण आकड्यांनी ती लपवली नाही, हे या मोजणीचे बळ आहे.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला ली नावाच्या गावाजवळ १९७५ मध्ये एक राखीव क्षेत्र झाले. तिथेही असेच घडत गेले. स्नॅपर मासे आणि शेवंडी वाढल्या, त्यांनी अर्चिन खाल्ले, आणि अर्चिनांनी कुरतडून उघड्या पाडलेल्या खडकांवर केल्प परत आले. पण ते लगेच नव्हे. २०१० मध्ये टास्मानिया, ली, कॅलिफोर्निया आणि इतर काही ठिकाणच्या दीर्घ नोंदी एकत्र करून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात हिशेब मांडला होता, की ज्या जातींची मासेमारी थांबली, त्यांच्यात बदल दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात. त्या जातींमुळे इतरांवर होणारा परिणाम, म्हणजे अर्चिन घटणे किंवा केल्प वाढणे, दिसायला सरासरी तेरा वर्षे.

हे दोन आकडे कुठल्याही सरकारी फायलीशेजारी ठेवून पाहावेत. संशोधनाचे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. निवडणूक तीन-पाच वर्षांनी येते. तीन वर्षांनी मोजणी थांबवून ‘काहीच फरक नाही’ असा अहवाल देणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो फक्त लवकर उठून गेलेला असतो.

शेवंड किती मोठी हवी?

मराया बेटाची मोजणी जिथे सर्वांत उपयोगी पडली, ती गोष्ट मासेमारीची नाहीच, ती तापमानाची आहे. बेटाजवळ समुद्राचे तापमान १९४४ पासून नोंदवले जाते. दक्षिण गोलार्धात इतकी जुनी सलग नोंद क्वचितच सापडेल. त्या नोंदीत तापमानाची चढण स्पष्ट दिसते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे वाहणारा उष्ण प्रवाह आता टास्मानियापर्यंत अधिक जोराने पोहोचतो, आणि इथला समुद्र जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. टास्मानियातली जायंट केल्पची जंगले जवळपास ९५ टक्के नाहीशी झाली. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने या जंगलांना संकटग्रस्त परिसंस्थांच्या यादीत घातले.

त्या प्रवाहाबरोबर एक पाहुणाही आला. लांब काट्यांचा अर्चिन हा मूळचा न्यू साउथ वेल्सचा. १९७८ मध्ये तो टास्मानियाच्या ईशान्येला पहिल्यांदा दिसला. त्याची पिले हिवाळ्यात पाण्यात तरंगत वाढतात, आणि पाणी बारा अंशांच्या खाली गेले तर जगत नाहीत. पूर्वी टास्मानियाचा हिवाळा हीच त्याची वेस होती. पाणी तापले आणि ती वेस उघडली. हा अर्चिन एकत्र जमून केल्पचे जंगल मुळापासून कुरतडतो आणि मागे फक्त गुलाबी-पांढरा उघडा खडक ठेवतो. पूर्व टास्मानियातल्या रीफपैकी २००१-०२ मध्ये सुमारे ३ टक्के भाग असा उजाड होता. २०१६-१७ मध्ये तोच आकडा १५ टक्क्यांवर गेला. उजाड जागेत ना शेवंड टिकते, ना अ‍ॅबलोन. म्हणजे हा प्रश्न निसर्गप्रेमींइतकाच मच्छीमारांचाही आहे.

या अर्चिनला खाणारे टास्मानियात फार कमी. काट्यांच्या त्या जंगलात तोंड घालून त्याला उलटवू शकणारा प्राणी म्हणजे मोठी शेवंड. संशोधक स्कॉट लिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की हे काम कुठलीही शेवंड करत नाही. तिच्या पाठीच्या कवचाची लांबी साधारण १४ सेंटिमीटर तरी हवी. आता टास्मानियाचा मासेमारीचा नियम पाहा. नराचे कवच ११ सेंटिमीटर आणि मादीचे साडेदहा सेंटिमीटर झाले, की पकडायला परवानगी. नियम चांगल्या हेतूने केला आहे, लहान शेवंडींना वाचवण्यासाठी. पण त्यामुळे घडते असे, की अर्चिन खाण्याइतकी मोठी व्हायच्या आधीच बहुतेक शेवंडी पिंजऱ्यात जातात. मासेमारीचा साठा आकड्यांत ठीक दिसतो, आणि त्याच वेळी समुद्रातला पहारेकरी नाहीसा झालेला असतो. शेवंडींची नुसती संख्या मोजली असती, तर हे कळले नसते. पाणबुड्याने पाटीवर प्रत्येकीची लांबी लिहिली, म्हणून कळले.

(लांबी लिहिणे वाटते तितके सोपे नाही. पाण्यात काचेच्या मुखवट्यातून पाहिले, की सगळे सुमारे एक तृतीयांश मोठे दिसते. मच्छीमारांच्या गप्पांतले मासे का मोठे असतात याचे हे एक कारण असेल, दुसरे सर्वांना ठाऊक आहे. मोजणी करणाऱ्यांना म्हणूनच ठरावीक लांबीच्या गोष्टी पाण्याखाली पाहून डोळा बसवावा लागतो.)

मग राखीव क्षेत्राने तापमानवाढ थोपवली का? थोपवली नाही, थोपवणे शक्यही नाही. कुंपण पाण्यात घालता येते, उष्णतेला नाही. पण मराया बेटाच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये एक बारीक फरक पुढे आला. बाहेरच्या, मासेमारी चालणाऱ्या पाण्यात उष्ण भागातले माशांचे भटके थवे येऊन स्थिरावत होते आणि माशांचा एकूण समाज हळूहळू उष्ण पाण्याच्या धाटणीचा होत होता. आत हाच बदल कमी होता. मोठ्या देशी माशांनी भरलेल्या जागेत नव्या पाहुण्यांना शिरकाव कठीण जात होता. उजाड झालेल्या जागा मात्र एकदा उजाड झाल्या की सहज भरत नाहीत. मोठ्या शेवंडी आणून सोडण्याच्या प्रयोगांत, नुकते कुरतडायला सुरुवात झालेल्या जागी अर्चिन आटोक्यात आले. पण विस्तीर्ण उजाड खडकांवर शेवंडींचा फारसा उपयोग झाला नाही. तिथे आता पाणबुडे पाठवून अर्चिन हाताने काढावे लागतात. त्यांच्या अंड्यांच्या पिशव्यांना बाजार आहे, हे त्यातल्या त्यात बरे.

नकाशावरची अभयारण्ये

एका बेटावरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. आणि शास्त्रज्ञ मूठभर, समुद्र अफाट. म्हणून एडगर आणि रिक स्टुअर्ट-स्मिथ यांनी २००७ च्या सुमारास एक उपक्रम सुरू केला, ‘रीफ लाइफ सर्व्हे’. कल्पना साधी होती. हौसेने डायव्हिंग करणारी हजारो माणसे आहेत. त्यांतल्या कसबी आणि चिकाटीच्या माणसांना शास्त्रज्ञांचीच पद्धत शिकवायची. त्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त माणसे आहेत. प्रत्येकाला तज्ज्ञाबरोबर पुन्हा पुन्हा उतरावे लागते, माशांच्या शेकडो जाती ओळखाव्या लागतात, आणि दोघांच्या पाट्या जुळेपर्यंत त्याची मोजणी धरली जात नाही. ‘हौशी लोकांच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा?’ हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. तो तपासूनही पाहिला गेला. शिकवलेला हौशी पाणबुड्या आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ यांच्या मोजणीतला फरक हा दोन जागांमधल्या खऱ्या फरकापुढे किरकोळ निघाला. आज पन्नासहून अधिक देशांत ही पट्टी अंथरली जाते.

या नोंदींतून २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला निष्कर्ष मात्र अनेक सरकारांना झोंबला. जगभरातल्या ८७ सागरी राखीव क्षेत्रांची तुलना मासेमारी चालणाऱ्या पाण्याशी केली होती. त्यातल्या ५९ टक्के क्षेत्रांत आणि बाहेरच्या समुद्रात काही फरकच दिसला नाही. नकाशावर रेघ होती, फलक होता, पाण्यात काहीच नव्हते. फरक कुठे दिसला? जिथे मासेमारी पूर्ण बंद होती, बंदी खरोखर राबवली जात होती, क्षेत्र दहा वर्षांहून जुने होते, शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठे होते, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने बाकीच्या रीफपासून तुटलेले होते. या पाचपैकी एक-दोन गोष्टी असून भागत नाही; चार-पाच जमल्या की फळ एकदम वाढते. अशा क्षेत्रांत मासेमारीच्या पाण्यापेक्षा मोठ्या माशांच्या जाती दुप्पट, मोठ्या माशांचे एकूण वजन पाचपट आणि शार्कचे वजन चौदापट निघाले.

मराया बेट या कसोटीत मधेच कुठेतरी बसते. जुने आहे, बंदी राबवली जाते, पण मोठे नाही. राखीव क्षेत्रांची टक्केवारी मिरवणाऱ्या सरकारांना हा निबंध आवडला नसेल तर नवल नाही. समुद्राचा तीस टक्के भाग २०३० पर्यंत संरक्षित करायचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरले. किती टक्क्यांवर रेघ मारली, हे कार्यालयात बसून सांगता येते. रेघेच्या आत काय वाढले, हे पाण्यात उतरल्याशिवाय सांगता येत नाही.

एक माणूस पाण्यात जेमतेम तासभर राहू शकतो, आणि तोही फार खोल नाही. म्हणून आता आमिष लावलेले कॅमेरे तळाशी सोडतात, स्वयंचलित पाणबुड्या तळाचे फोटो काढत फिरतात, आणि बाटलीभर पाण्यातल्या जनुकीय अंशांवरून तिथे कोणत्या जाती होत्या याचा अंदाज बांधतात. ही साधने उपयोगी आहेत. पण १९९२ च्या पाटीशी तुलना करायची असेल, तर आजही तीच पट्टी अंथरावी लागते. नवे यंत्र आले म्हणून जुनी मोजणी बंद केली, तर हाती दोन अर्धवट गोष्टी उरतात.

मोजलेला मासा आणि न मोजलेला

२०२३ मध्ये याच माणसांनी ऑस्ट्रेलियाभोवतीच्या १,६३६ जागांवरच्या १,०५७ नेहमीच्या जातींचा दशकभराचा हिशेब मांडला. बहुतेक जाती घटलेल्या होत्या. घट विशेषतः उष्णतेच्या लाटांच्या वर्षांनंतर दिसत होती. प्रवाळ तुलनेने स्थिर होते. सर्वांत वाईट अवस्था होती ती थंड पाण्यातल्या उथळ कातळांवर राहणाऱ्या, पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची. त्यातल्या तीस टक्क्यांहून अधिक जाती नामशेष होण्याच्या मोठ्या धोक्यात आहेत. कारण भूगोलात आहे. उत्तरेकडचा प्राणी पाणी तापले की दक्षिणेला सरकतो. टास्मानियाच्या दक्षिणेला खोल महासागर आहे, आणि त्याच्या पलीकडे अंटार्क्टिका. उथळ कातळावर जगणाऱ्याला जायला जागाच नाही.

या कोंडीतला सर्वांत ठाऊक झालेला प्राणी म्हणजे रेड हँडफिश. तळहाताहून लहान, लालसर, आणि पोहण्याऐवजी हातांसारख्या परांवर तळावरून चालणारा मासा. इतर माशांप्रमाणे याची पिले पाण्याबरोबर वाहत दूर जात नाहीत. मादी शैवालावर अंडी चिकटवते आणि त्यातून पूर्ण घडलेले छोटे हँडफिश थेट तळावर उतरतात. त्यामुळे एका जागी ते संपले, की शेजारून भरती होत नाही. होबार्टजवळच्या फ्रेडरिक हेन्री उपसागरात अशी एकच जागा माहीत होती. २०१८ च्या जानेवारीत रीफ लाइफ सर्व्हेच्या पाणबुड्यांना शोधमोहिमेत दुसरी जागा सापडली. दोन्ही मिळून रानात जेमतेम शंभर हँडफिश उरले असावेत असा अंदाज आहे. २०२३-२४ च्या उन्हाळ्यात समुद्र धोकादायकपणे तापणार अशी चिन्हे दिसली, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यातले २५ मासे उचलून टाक्यांत हलवले आणि पाणी निवल्यावर त्यांपैकी बहुतेक परत सोडले. कुठे किती आहेत हे माहीत होते, म्हणून काय उचलायचे हे ठरवता आले.

त्याच कुळातल्या स्मूथ हँडफिशच्या नशिबी हे आले नाही. १८०२ च्या सुमारास फ्रेंच निसर्गतज्ज्ञ फ्रांस्वा पेरों याने टास्मानियाच्या पाण्यातून एक मासा उचलून नेला. तो आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहे. त्यानंतर खात्रीने दुसरा कुणालाही मिळाला नाही. २०२० मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही जात नामशेष झाल्याचे जाहीर केले. आधुनिक काळात सागरी माशाची जात अशी नामशेष ठरवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षी तो शिक्का मागे घेण्यात आला. मासा सापडला म्हणून नव्हे. तो संपला असे म्हणायलाही पुरेशी माहिती नाही म्हणून. यादीत आता त्याच्या नावापुढे लिहिले आहे ‘अपुरी माहिती’.